पेशंटचा डबा

आमच्याकडं ट्रीप ठरली की पहिला प्रश्न 'कुठं जायचं' हा नसतोच, 'काय न्यायचं' हा असतो. तारीख नक्की व्हायच्या आधी आई आणि आत्या फोनवर वाटणी करून मोकळ्या होतात, धपाट्याचं पीठ कोण मळणार, शेंगदाण्याची चटणी कोण कुटणार, दही कुणाच्या डब्यात सांडत नाही वगैरे, आणि मग उरलेला किरकोळ भाग म्हणजे ठिकाण, ते पोरं ठरवतात. या मे महिन्यात पोरांनी वॉटर पार्क ठरवला. राईड्सवाला, मोठा, हायवेच्या कडेचा. नाव सांगत नाही, उगं भांडणं नकोत.

तर पहाटे साडेपाचला क्रूझर दारात आणि आम्ही अकरा माणसं. डिकीत काय होतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चव्वेचाळीस धपाटी (आईनं मोजून केलेली, माणशी चार, वाटेत लहान पोरांना भूक लागली तर माणशी चारच), तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, मिरचीचा खर्डा, दह्याचा स्टीलचा डबा पंच्यात बांधलेला, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, तासगावचे बेदाणे, वीस लिटरचा पाण्याचा जार आणि दोन किलो भडंग. सांगलीची गाडी भडंग न उघडता आष्ट्याच्या पुढं जाऊच शकत नाही, आमची तर सांगलीवाडी सोडायच्या आत उघडली होती. पेठ नाक्याला हायवेला लागेस्तोवर सीटवर, पोरांच्या केसात आणि ड्रायव्हरच्या कॉलरमध्ये चुरमुरे.

तिकीट माणशी हजाराला एक रुपया कमी. पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर, त्यामुळं भाचा पट्टीसमोर गुडघे वाकवून उभा राहिला, ते काय जमलं नाही. ते सोडा. खरा खेळ पुढं होता, बॅगा तपासायच्या टेबलावर.

टेबलाच्या मागं एक निळी प्लास्टिकची पेटी, तिच्यात लोकांची जप्त झालेली बिस्किटं, संत्री, एक अख्खं कलिंगड. गार्डनं आमची पहिली बॅग उघडली आणि भडंगाची पिशवी वर काढली.

"काकू, चिवडा चालत नाही."

आईचा चेहरा बघायला पाहिजे होता. न चालणं एकवेळ समजू शकतो, पण भडंगाला चिवडा? आई म्हणाली, "बाळ, तू कुठला?" तो कुठला तरी लांबचा निघाला म्हणून वाचला. मग आईनं त्याला चुरमुरे कसले लागतात, लसूण सालीसकट का ठेचायचा आणि चिवड्यात असलं काय नसतं हे सगळं समजावलं, मागं पन्नास माणसांची लाईन, आणि त्यानं शांतपणे ऐकून पिशवी पेटीत टाकली.

आता आमच्या चुलतभावाची एंट्री. हा सांगलीच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली दोन वर्षं आहे, त्यामुळं घरात दूधवाल्याशी वाद झाला तरी हा कलम शोधतो. यानं मोबाईल काढला आणि गार्डसमोर मोठ्यानं वाचायला लागला, की ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, थेटर ही मालकाची खासगी जागा आहे आणि बाहेरचं खाणं आत आणायचं का नाही हे मालक ठरवू शकतो. गार्ड मान डोलवत होता. मी हळूच विचारलं, अरे हे आपल्या बाजूनं आहे का विरोधात? म्हणाला, "विरोधात आहे, पण पुढं ऐक की." पुढं एवढंच की पिण्याचं पाणी फुकट द्यायला पाहिजे आणि तान्ह्या लेकराचं खाणं पालकांना आणू द्यायला पाहिजे. आमच्यात तान्हं कोण नव्हतं. शिवाय तो निकाल थेटरांचा, घसरगुंड्यांचा नाही, हे पण त्यानंच सांगितलं. एवढ्यावर थांबावं का नाही, तर सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड काय म्हणाले तेही सांगितलं, की कोण जिलेबी घेऊन आत आलं आणि खुर्चीला बोटं पुसली तर सफाईचे पैसे कोण देणार.

"आपण कुठं जिलेबी आणलीय?" आई म्हणाली. "धपाट्याचं काय म्हणालेत ते बघ."

धपाट्याचं काही म्हणाले नव्हते.

मला पण काहीतरी आठवत होतं, २०१८ च्या जुलैत नागपूरच्या अधिवेशनात आपल्या मंत्र्यांनी सांगितलं होतं की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं न्यायला बंदी नाही, तेव्हा आमच्या ग्रुपवर फटाके फुटले होते. वकिलांनी तेही विझवलं. पुढच्याच महिन्यात म्हणे सरकारनं हायकोर्टात सांगितलं, बाहेरचं खाणं सोडलं तर सुरक्षेचा प्रश्न येईल. सुरक्षेचा! आत्याच्या खर्ड्याबद्दल म्हणत असतील तर मी एकवेळ मान्य करीन.

या सगळ्यात एक माणूस पार लांब, चप्पल बघत उभा होता. आमचे दाजी. दाजींचं विश्रामबागला स्नॅक्स सेंटर आहे आणि तिथं गल्ल्याच्या वर लाल अक्षरात पाटी आहे, 'बाहेरील खाद्यपदार्थ आणून खाऊ नयेत'. ताई म्हणाली, अहो तुम्ही बोला की जरा, तुम्हाला धंद्यातलं कळतंय. दाजी म्हणाले, कळतंय म्हणूनच बोलत नाही.

आणि मग आईला बोर्डावरची शेवटची ओळ दिसली. चष्मा न लावता. 'आजारी व्यक्तींचे पथ्याचे खाणे वगळून.'

"आमच्या ह्यांना शुगर आहे," आई म्हणाली.

आप्पांना शुगर बारा वर्षांपासून आहे पण ती घरातली गोष्ट. चारचौघांत ते कधी कबूल करत नाहीत, लग्नात जिलेबी आली की 'आत्ताच खाऊन आलो' म्हणतात. आता दोनशे माणसांसमोर आईनं पर्समधून फाईल काढली, तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं लावून ठेवलेलं. हातात स्विमिंगची टोपी धरून आप्पा माझ्याकडं असे बघत होते जसं काय त्यांची कुंडलीच बाहेर वाचायला काढली.

गार्डनं सुपरवायझरला बोलावलं. पोरगा पंचविशीतला, वॉकीटॉकीवाला, पण हुशार. त्यानं बॅग उघडली, डब्यावर डबे बघितले.

"काकू, एवढं सगळं एका पेशंटला?"

"दर दोन तासाला थोडं थोडं खायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"चव्वेचाळीस?"

"थोडं थोडं म्हणजे मोजून थोडंच असतंय?"

मग त्याच्या हाताला लाडवांचा डबा लागला. झाकण उघडलं. गुळाचे. सगळी लाईन गप्प. मला वाटलं संपलं आता.

"शुगर लो झाली तर," आई म्हणाली.

त्या पोरानं आईकडं बघितलं, रिपोर्टकडं बघितलं, मागच्या लाईनीकडं बघितलं आणि हात टेकले. धपाटी, दही, चटणी, लाडू असं मिळून एक बॅग सोडली. बाकीचं गाडीत परत, भडंग पेटीत जमा, त्याचं टोकन आईच्या हातात. आणि अट घातली, हे पेशंटनीच खायचं, आणि पेशंटनी फर्स्ट एडच्या खोलीसमोरच्या बाकावर बसून खायचं.

म्हणजे हजार रुपयाचं तिकीट काढून आमचे आप्पा त्या दिवशी एकाही पाण्यात उतरले नाहीत. दोन पायांच्या मध्ये बॅग धरून त्या बाकावर बसले, कोणीतरी रेशनच्या गोदामावर वॉचमन ठेवावा तसे. आणि आम्ही पाळीपाळीनं तब्येत विचारायला जायचो.

"आप्पा, बरं वाटतंय का?" असं मोठ्यानं विचारायचं, शेजारी बसायचं, टॉवेल दोघांच्या मांडीवर पसरायचा आणि खाली धपाटं. भाच्यानं तर पहिल्या तासात पाच वेळा आजोबांची चौकशी केली. एरवी मोबाईलमधून मान वर न करणारा पोरगा, बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत. ओल्या हातानं धपाटं खाल्लं की त्याला क्लोरीनची चव येते, पण भुकेला ती चटणीसारखीच लागते.

पाण्याचा मात्र मला खरंच राग आला. जार गाडीत, पार्किंग एक किलोमीटरवर, आणि एकदा बाहेर गेलात की परत आत नाही. आतली अर्ध्या लिटरची बाटली पन्नास रुपयाला, कुठली तरी न ऐकलेली कंपनी, बाटलीवर छापलेलेच पन्नास त्यामुळं भांडायची पण सोय नाही. फुकटचा नळ आहे म्हणाले, शोधला, बाथरूमच्या मागं सापडला, पाणी चहा करता येईल इतकं गरम. म्हणजे नियमात बसलं, घशात नाही.

फ्रेंच फ्राइजच्या लाईनीत (एकशे ऐंशी रुपये, पोरांचा हट्ट) मी दाजींना गाठलं. दाजी म्हणाले, तू तिकीट धरतोयस, पंप दिवसभर चालतेत त्याचं बिल बघ, पावसाळ्यात कोण येतंय बघ, खाण्यावरच सुटतंय सगळं. आणि माझ्याकडं चौघं येतात, एक चहा सांगतात आणि टेबलावर डबा उघडतात, वर कांदा मागतात, मी काय करायचं? कांद्याचं पटलं मला. पण म्हटलं दाजी, तुमच्याकडं दारातून आत यायला हजार रुपये पडत नाहीत, आणि तुमचा वडा नाही आवडला तर माणूस रस्ता ओलांडून समोर जातो. हिथं आठ तास कोंडून ठेवायचं आणि समोर दुसरं दुकानच नाही. अमेरिकेत डिस्नेलँडला लोक घरनं सँडविच घेऊन जातात, काचेच्या बाटल्या तेवढ्या चालत नाहीत, त्यांचं काय दिवाळं निघालंय का? शांघायच्या डिस्नेलँडनं बंदी घातलेली, तर २०१९ ला लॉ शिकणाऱ्या एका पोरीनं केस केली, खाऊवरनं, आणि त्यांना नियम बदलायला लागला. दाजी म्हणाले, आपल्या वकिलाला सांग की मग. आम्ही दोघांनी वकिलाकडं बघितलं, तो ट्यूबमध्ये उलटा अडकलेला होता.

आणि स्वच्छतेचं कारण तर सांगूच नये कोणी. त्या संथ वाहत्या पाण्यात माझ्या बाजूनं जे दोन कागदी द्रोण तरंगत गेले ते फ्राइजचे होते, धपाट्याला द्रोण लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, एक पत्र्याची शेड टाका, डबेवाल्यांनी तिथं बसून खावं, हवे तर माणशी वीस रुपये घ्या बसायचे, आम्ही कुरकुर करत देऊ.

दुपारी दोनला मी चौकशीला गेलो तर बाकावर आप्पांच्या शेजारी आणखी एक काका, मांडीवर बॅग. झालं काय होतं, लाईनीत आमच्या मागं असलेल्या साताऱ्याच्या बाईंनी आईचा सगळा प्रयोग बघितला होता आणि आपल्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या होत्या, तुमचं बीपी सांगा. त्यांच्यामागं कऱ्हाडच्या एका आजींना अ‍ॅसिडिटी निघाली. तीनपर्यंत बाकावर चार पेशंट आणि चौघांमध्ये पथ्याची देवाणघेवाण. आमची चटणी कऱ्हाडला गेली, कऱ्हाडची मासवडी आमच्याकडं आली, आणि साताऱ्याच्या पेशंटकडं कंदी पेढे होते. अर्धा किलो. शुगर लो झाली तर म्हणून. चारही पेशंट इतके खुशीत की फर्स्ट एडची नर्स खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली, तिला एक धपाटं दिलं, तिनं चटणीची कृती लिहून घेतली.

सहाला बाहेर पडलो. आप्पा दमलेत असं सगळ्यांचं मत पडलं, खरं तर सगळ्यात ताजे तेच होते. उंब्रज गेल्यावर भाच्यानं विचारलं, भडंग कुठंय? गाडीत एकदम शांतता. आईनं पर्समधून टोकन काढलं, अठ्ठावीस नंबर. मागं फिरायचं का यावर कऱ्हाडपर्यंत चर्चा झाली, आईचं म्हणणं फिरा, दाजी डिझेलचा हिशोब सांगत होते, शेवटी 'खाईल कोणतरी' म्हणून सोडून दिलं. पण 'चिवडा म्हणून खातील' हे आईच्या मनातनं पेठ नाक्यापर्यंत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे आईनं डबे धुवायला काढले तर सहा धपाटी शिल्लक. आणि दुसरी, आप्पांच्या शर्टाच्या खिशात भिजून वाळलेलं एक बिल सापडलं. आईनं या वेळी चष्मा लावला.

"फ्रेंच फ्राइज एक. सॉफ्टी दोन." तिनं वाचलं. "अख्खी बॅग पायाशी घेऊन बसला होता तुम्ही."

आप्पा पेपरच्या मागं गेले.

"दोन सॉफ्टी?"

"एक साताऱ्याच्या पेशंटची होती," पेपरच्या मागनं आवाज आला.