बीपीची गोळी लावून घेऊ नका!

डॉक्टर 160/100 म्हणाले? घाबरताय काय, त्यांच्याकडे गेलं की कुणाचंही वाढतंच. आधी एक वाक्य पाठ करा, "मला काही त्रास नाही." चक्कर नाही, जिना चढता येतो, मग बीपी आलं कुठनं? (ते बहुतेकदा काहीही त्रास न देता वर्षानुवर्षं वाढलेलं असतं म्हणे, पण डॉक्टर तर असंच बोलणार.)

घरी मशीन असेल तर आमच्या काकांसारखं वापरा. उजव्या हाताला जास्त आलं की डावा, तिथंही आलं की सेल उतरलेत, मग चहा, मग परत, आणि पाचव्यांदा 138 आलं की लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर.

गोळी मात्र नाही हं, एकदा लागली की सुटत नाही, शिवाय किडनी जाते. कंट्रोलमध्ये नसलेल्या बीपीनंच किडनी जाते हे कुणी सांगायला लागलं तर विषय बदला. आणि घेतलीच, तर आकडा नॉर्मल आला त्याच दिवशी बंद करायची, बरे झालात ना!

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तिला आपला खारातल्या मिरचीच्या बरण्यांचा संसार काय माहीत. आणि आपण तर सैंधव खातो, ते कुठं मीठ असतं?

बेफिकीर मात्र आपल्याला कुणी म्हणू नये. रात्री दही खात नाही, उन्हातनं आल्या आल्या पाणी पीत नाही, फणसावर विडा तर मेलो तरी नाही.

शिवाय आजोबा ताटात मिठाची रास घेऊन 92 वर्षं जगले. त्यांच्या दोन भावांच्या अंगावरनं पन्नाशीतच वारं गेलं, पण ते वारं होतं हो, बीपी नव्हे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले, मेंदूत रक्तस्राव, तेव्हा बीपी 300/190 होतं. त्या काळी धड औषधच नव्हतं बिचाऱ्यांना. काकांची आख्खी स्ट्रिप ड्रॉवरमध्ये आहे, दोनच गोळ्या फोडलेल्या. सकाळपासून त्यांचं डोकं जड आहे, पित्त असणार, आलेपाक चघळत बसलेत.