बिनशिट्टीचा कुकर

आमच्या घरात 'बिअर' हा शब्द निघाला की आईची जपमाळ दुप्पट वेगानं फिरायला लागते. त्यामुळं 'जिंजर बिअर करतोय' हे सांगताना मी 'बिअर' तोंडातल्या तोंडात गिळलं. आलं, गूळ, लिंबू ऐकून ती म्हणाली, "म्हणजे काढाच की." मी मान डोलावली. खरी बिअर घरात करायची तर 1949चा दारूबंदी कायदा आडवा येतो, आणि आमच्याकडं त्याच्याहून जुना कायदा देवघरात बसलेला असतो.

टाकी मिळाली उद्यमनगरात. लेथवाल्या अण्णाकडं भंगारात आलेली, कोल्ड्रिंकचं सिरप भरायची, 19 लिटरची, स्टेनलेस स्टीलची. अण्णानं रबरी रिंगा बदलून 800 रुपयांना दिली. झाकणावरची बारकी कडी दाखवून काहीतरी सांगितलंही, पण मी तेव्हा टाकीच्या पत्र्यात स्वतःचा चेहरा बघत होतो. बरा दिसत होता.

मार्केट यार्डातला दीड किलो गूळ, अर्धा किलो किसलेलं आलं, बेकरीवाल्याकडून मागून आणलेलं यीस्ट, आणि गळ्यापर्यंत पाणी. दोन दिवस बाहेर ठेवायची नि मग फ्रिजात ढकलायची, असा बेत. तेवढ्यात गडहिंग्लजचं लग्न आलं. लग्नानंतर पूजा, पूजेनंतर 'आता जेवूनच जावा की'. आम्ही परतलो ते पाचव्या दिवशी. एप्रिल महिना, घर बंद, आत भट्टी.

टाकी होती तिथंच होती. फुगलेली नाही, गळत नाही, आवाज नाही. हेच वाईट. कुकर कसा, तापला की बोलतो. शिट्टी झाली की अख्ख्या गल्लीला कळतं, यांच्याकडं डाळ शिजली. ही बया गप्प. बोटानं टिचकी मारली तर 'टक्' एवढाच आवाज आला. दगडावर मारल्यासारखा.

झाकणाचा खटका उचलला. झाकण जागचं हललं नाही. नंतर अण्णानं समजावलं: हे झाकण अंडाकृती असतं आणि आतल्या बाजूनं बसतं, आतल्या झाकणाच्या कुकरसारखं. आत दाब जितका जास्त, तितकं ते घट्ट. म्हणजे मी खटक्याशी झटत होतो तेव्हा टाकी माझा जीव वाचवत होती आणि मी तिला शिव्या देत होतो.

मग ती कडी आठवली. टाकी ओट्यावर आणताना दोनदा आपटली, एकदा आडवी झाली. आणि मी कडीत बोट अडकवून, नारळाची शेंडी ओढावी तशी ओढली.

आधी फुस्स झालं. मग जे आलं त्याला मराठीत शब्द नाही. पंचगंगेला पूर येतो तेव्हा तो आधी बातम्यांत तरी येतो. हा थेट छताला गेला. पंखा चालू होता, त्यानं चारी भिंतींना समान वाटप केलं. माझ्या चष्म्यावर आल्याचा कीस, डोळ्यांत लिंबू, आणि बोट अजून कडीत. भीतीनं माणूस सोडत नाही, आवळतो.

"अहो, सोडा की ते!" बायको ओरडली. सोडलं. कडी खाली बसली, पण आवाज थांबेना. आल्याचा एक दोरा झडपेत अडकलेला. बायकोनं लाटण्याच्या टोकानं वरून टकटक केलं, तेव्हा झडप मिटली. निम्मा माल अजून आत होता आणि आता तो चिडलेला होता.

"गार करा आधी," ती म्हणाली. "मी कुकर नळाखाली धरते तसं." मी शास्त्र सांगायला लागलो की कुकरात वाफ असते, हिच्यात कार्बन डायऑक्साइड, तत्त्व वेगळं. तिनं फडकं माझ्या हातात दिलं.

अण्णाला फोन केला. गाडी लावून आत आला, छताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "साहेब, गूळ किती?" मी सांगितलं. तो खुर्चीत बसला. यीस्ट साखर खातं तेव्हा तिच्या वजनातली जवळजवळ निम्मी वायू होऊन बाहेर पडते. म्हणजे दीड किलो गुळात अर्धा किलोच्या वर नुसता वारा, आणि मी गळ्यापर्यंत भरून त्याला बसायला पाटसुद्धा ठेवला नव्हता. "कुकरात पंधरा पौंडाचा दाब असतो. ही झडप आपली आपण उघडती ती एकशेतीसला. तिच्यावर इसवास ठेवून लग्नाला गेलायसा?"

मग त्याचा हुकूम निघाला. काय तर, "गार करा आधी." बायको काही बोलली नाही. न बोलण्याचेही प्रकार असतात. गार पाण्यात वायू जास्त मुरतो आणि उधळत नाही, हे अण्णा सांगत होता. मी ऐकत होतो आणि बर्फाची लादी आणायला पिशवी शोधत होतो.

रात्रभर टाकी कपड्याच्या टबात, बर्फात, उभी. कुणी हात लावायचा नाही. सकाळी खिडक्या उघडल्या, कारण हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. अण्णानं झाकणावर ओला टॉवेल टाकला, तोंड बाजूला केलं, कडी क्षणभर उचलली. 'च्चक्'. सोडली. थांबला. पुन्हा 'च्चक्'. फेस डोकावला की पाच मिनिटं तंबाखू. असं तासभर. शेजारची पोरं दारात, आई माळ घेऊन सर्वांत पुढं. शेवटी कडी उचलली तरी काहीच वाजेना, तेव्हाच त्यानं खटक्याला हात लावला. झाकण गपगुमान आत सरकलं.

अण्णानं वाटीत घेऊन घोट घेतला. पुन्हा एक घेतला. गोडवा औषधालाही नव्हता. यीस्टनं गूळ चाटूनपुसून खाल्ला होता, आणि 1949चा कायदा काही त्यानं वाचलेला नव्हता. "साहेब," अण्णा हळूच म्हणाला, "हा काढा न्हवं."

आईनं ऐकलं. माळ थांबली. बायकोनं टाकी उचलली आणि मोरीत उपडी केली. अण्णा शेवटच्या थेंबापर्यंत मोरीकडं बघत उभा होता.

जाताना टाकी त्यानं गाडीवर पुढं घेतली. मी परत दिलेली नव्हती, त्यानं मागितलेलीही नव्हती. खिशातून 800 रुपये काढले, मोजले आणि बायकोच्या हातात ठेवले.