तारखेशिवाय मोजण्यासारखं काहीतरी

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत भांडण लागलं. कुणीतरी फॉरवर्ड टाकलं की तुरुंगातल्या काही कैद्यांनी मुक्त विद्यापीठाची परीक्षा पास केली आणि साहेबांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं, फोटोबिटो काढले. झालं, पोरं सुटलीच. "आमची पोरं क्लासच्या फिया भरून भरून मेली, त्यांना कोण फूल देतं", "चला आपण पण आत ॲडमिशन घेऊ", आणि एकाने तर थेट मला टॅग केलं, तू तिकडे त्या गोऱ्या कैद्यांना शिकवतोस ना, सांग बरं आता काय ते.

तर सांगतो, पण आधी हे की मी जेलरोडचा. नाशिकबाहेरच्या लोकांना पत्ता सांगितला की आधी हसतात. आमच्याकडे गंमतच आहे, एका बाजूला प्रेसमध्ये सरकारी नोटा छापतात आणि जवळच त्याच नोटांपायी आत गेलेली माणसं बसलेली असतात. सेंट्रल जेलची ती भिंत आमच्या लहानपणापासून तिथेच, आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. घरातली सतरंजी जेलच्या दुकानातली आणि आता आई गणपतीही शाडूचा, कैद्यांनी केलेला आणते, म्हणते डोळे फार छान काढतात. त्या डोळ्यांचं कौतुक चालतं हां आपल्याला. १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली हेही छाती फुगवून सांगतो. आता ते राजकैदी, तुलना नाही करत, पण आजच्या कैद्याने बी.ए.चं पहिलं वर्ष काढलं की मात्र आपल्या पोटात दुखतं.

मी इकडे इंग्लंडात लेस्टरला, चौदा वर्षं झाली. तासाभराच्या अंतरावर एक तुरुंग आहे तिथे महिन्यातून दोनदा जातो. इथे शॅनन ट्रस्ट म्हणून एक संस्था आहे, त्यांची पद्धत अशी की ज्याला वाचता येतं तो कैदी ज्याला येत नाही त्या कैद्याला शिकवतो, रोज वीस मिनिटं, बस. मास्तर वगैरे कुणी नाही. आम्ही बाहेरचे फक्त पुस्तकं आहेत का, जोड्या जमल्यात का ते बघतो. तिथे एक पन्नाशी उलटलेला गडी होता, हाताची बोटं म्हणजे मुळ्याच, त्याने पहिलं पुस्तक संपवलं त्या दिवशी मी नेमका होतो. त्याने काय करावं, आपल्या कॅन्टीनच्या पैशातून घेतलेला बिस्किटांचा पुडा काढला, शिकवणाऱ्याला दोन दिली, मला एक, स्वतः दोन घेतली, आणि उरलेला पुडा परत नीट गुंडाळून ठेवला. म्हटलं हे काय, तर म्हणाला अजून पुस्तकं बाकी आहेत ना. म्हणजे पुढच्या पार्टीची सोय आधीच.

आता लगेच "तिकडचे तुरुंग म्हणजे हॉटेल" असं म्हणू नका. तुरुंग भरून वाहतायत म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कितीतरी कैद्यांना चाळीस टक्के शिक्षा झाल्यावरच सोडलं, आणि काही जण गेटबाहेर शॅम्पेन उडवतानाचे व्हिडिओ टीव्हीवर आले तेव्हा इथले लोक तुमच्यापेक्षा जास्त भडकले होते. माझा शेजारी तर अजून त्यावर बोलतो. पण मला ती शॅम्पेन आणि ती दोन बिस्किटं एकाच खात्यात टाकता येत नाहीत. शॅम्पेनवाल्याने काय कमावलं होतं, जागा नव्हती म्हणून सुटला तो. २०१७ पासून इथल्या काही तुरुंगांत शनिवारी सकाळी पाच किलोमीटरची पार्करन असते, भिंतीच्या आतच गोल गोल पळायचं, आणि शेवटी येणाऱ्याला पण टाळ्या. आपल्याकडे शेवटी येणाऱ्याला टाळ्या? ९२ टक्के पडले तरी "आठ कुठे गेले" विचारणारी माणसं आपण. मला तर वाटतं ग्रुपवरचा अर्धा राग कैद्यांवर नाहीच, आपलं कधी कुणी कौतुक केलं नाही त्याचा आहे.

बरं, आता हे सगळं लिहायचं खरं कारण. माझा आतेभाऊ अकरा महिने नाशिकरोडला आत होता. पैशांच्या व्यवहाराची केस, अजून चालू आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण तो होता कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेला, आणि इथे लोक एक गोष्ट विसरतात. ज्याला शिक्षा लागली त्याला निदान आकडा तरी माहीत असतो, इतकी वर्षं, त्यातून चांगल्या वागणुकीची, कामाची माफी वजा, भिंतीवर रेघा मारता येतात. कच्च्याला रेघ कुठून मारायला सुरुवात करायची तेच माहीत नाही. त्याच्या हातात फक्त कोर्टाची पुढची तारीख, आणि त्या तारखेला कोर्टात न्यायला गाडी मिळाली नाही की अजून पुढची. आणि हे थोडेथोडके नाहीत, २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चेच होते. चारातले तीन!

भाऊ म्हणतो, तिसऱ्या महिन्यात वेड लागायची पाळी आली तेव्हा त्याने सूर्यनमस्कार मोजायला घेतले. सुरुवात बारा. गुडघा दुखायचा. मग शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांना सही शिकवायला घेतली, आयुष्यभर अंगठाच लावलेला माणूस, नाव सोपं पण आडनावात जोडाक्षर, त्या एका जोडाक्षरावर नऊ दिवस गेले. पाठकोऱ्या कागदांवर, शेवटी शेवटी तर जमिनीवर ओल्या बोटाने. वकील आला तेव्हा बाबांनी कागदावर सही केली, स्टॅम्पपॅड पुढे केलेलं ते हाताने बाजूला सारलं, आणि त्या संध्याकाळी बॅरकीत कॅन्टीनचा चिवडा वाटला गेला. भाऊ सांगताना अजून तो पॅड बाजूला सारल्याची ॲक्शन करून दाखवतो.

आणि घरी काय झालं, जामिनावर सुटून आला, जेवायला बसला, सगळे विचारतायत वकील काय म्हणतो, शिक्षा लागेल का, तो मध्येच म्हणाला मी आत एकशेआठ सूर्यनमस्कारांपर्यंत गेलो. आत्या म्हणाली, "तेच काय घेऊन बसलास, भात घे." तिचं चुकलं असंही नाही, ती बिचारी अकरा महिने जेलमधल्या भेटीच्या रांगेत उभी राहिलेली. पण तो परत कधी बोलला नाही त्यावर. मला पण दोन वर्षांनी सांगितलं, ते पण मी बिस्किटांची गोष्ट सांगितली म्हणून.

ग्रुपवर एकीने लिहिलं की माझ्या सासऱ्यांची ठेव बुडाली, ज्याने बुडवली त्याच्या सहीचं कौतुक मी का करू. बरोबर आहे ताई, नका करू, तुमच्याकडून टाळ्या कुणीच मागत नाहीये. पैसे वसूल व्हायला पाहिजेत, शिक्षा व्हायला पाहिजे. पण बॅरकीतल्या चिवड्याने तुमची ठेव ना वाढते ना कमी होते, आणि आतल्या माणसाने वर्षभर नुसतं छताकडे बघत बसावं यात तुम्हाला काय मिळणार ते मला कळत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते फूल, ते सर्टिफिकेट, अभ्यासाचा वर्ग, हे पक्क्यांपुरतं राहू नये, कच्च्यांना त्याची गरज जास्त आहे, त्यांच्याकडे मोजायला दुसरं काहीच नसतं.

हे लिहायच्या आधी भावाला फोन केला, म्हटलं तुझं नाव न घेता टाकू का. म्हणाला टाक. मग दहा मिनिटांनी मेसेज आला, आकडा नीट लिही, घरी मी एकशेआठ सांगितलं कारण तसं बोलतात, शेवटच्या दिवशी एकशेबारा झाले होते.