परदेशात राहणाऱ्या माणसाचा शेवटचा कागद

आपल्या कोल्हापुरात अंत्यविधीच्या खर्चाचा आधीपासून विचार करण्याची सवय कोणालाच नाही आणि त्याला कारणही तसेच आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, होळीच्या दिवसांत पेठापेठांतून लोक शेणी दान करतात, आणि कोणाच्या घरी मरण आले की गल्लीतली माणसे न सांगता जमून तिरडी बांधायला बसतात. गरिबाचेही मरण पैशावाचून अडत नाही, हे या शहराचे मोठेपण आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. मात्र ज्या घरातले माणूस परदेशात आहे, त्या घराला ही सवय नसणे फार महागात पडते.

पाच वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ आखातात नोकरीवर असताना रात्री झोपेतच हृदयविकाराने गेला. त्याच्या खोलीतल्या सोबत्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "दादा, पासपोर्टची झेरॉक्स घरात आहे का?" ती नव्हती. वहिनींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तीत रेशन कार्ड होते, मुलांचे शाळेचे दाखले होते, लग्नपत्रिकासुद्धा होती. पण तो ज्या कंपनीत कामाला होता तिचे नावही कोणाला नीट सांगता येईना. शेवटी मोबाइलमधल्या एका फोटोत त्याच्या शर्टाच्या खिशावर शिवलेले नाव दिसले आणि ते मोठे करून आम्ही वाचले.

त्यानंतरचे नऊ दिवस आम्ही नुसते कागद गोळा करत होतो. तिथला मृत्यूचा दाखला, वैद्यकीय अहवाल, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाने रद्द केलेला पासपोर्ट आणि त्यांचे ना-हरकत पत्र, एवढे सगळे हाती आल्याखेरीज शवपेटी विमानात चढत नाही. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांची परवानगीही लागते. आखातातल्या बहुतेक देशांत कामगाराचे पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर असतो, परंतु ती जबाबदारी त्याच्याकडून पार पाडून घेण्यासाठी तिथे कोणीतरी उभे राहावे लागते. भावाच्या कंपनीने रोज उद्याचा वायदा केला, तेव्हा इकडे आम्ही भिशीचे पैसे मुदतीआधी उचलले. त्याच्या स्वतःच्या खात्यात रक्कम होती, पण खातेदार गेल्याचे कळताच बँकेने खाते गोठवले. ज्याच्यासाठी खर्च करायचा त्याचेच पैसे त्या वेळी हाताशी नसतात, ही गोष्ट परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने मनाशी पक्की धरली पाहिजे.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही प्रवासी बाहेर पडतात त्या दाराशी वाट पाहत थांबलो होतो. शवपेटी तिथून येत नाही, ती मालवाहतुकीच्या विभागातून सोडवून घ्यावी लागते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. रात्रभर प्रवास करून पहाटे कोल्हापुरात पोचल्यावर पेटीचे स्क्रू काढायला शेजारच्या गॅरेजवाल्याला उठवावे लागले, आणि तो काढत असताना वहिनी त्या पेटीवरच्या कागदी चिठ्ठीवर हात ठेवून बसल्या होत्या, कारण नवऱ्याचे नाव फक्त तिथेच दिसत होते.

परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागणाऱ्या पासपोर्टवर जाणाऱ्या कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तिचा हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 10 लाखांचे संरक्षण आहे. पण भाऊ झोपेत गेला होता, म्हणजे अपघात नव्हे. दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि त्यातून पार्थिव पाठवण्याला मदत मिळू शकते, मात्र ती कुटुंबाची ऐपत पाहून दिली जाते. म्हणून विमा घेताना नैसर्गिक मृत्यू धरला आहे का, आणि पार्थिव मायदेशी नेण्याची रक्कम किती आहे, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज सही करू नये. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी तर आधीपासूनच्या आजाराचे कलम आवर्जून वाचावे. मधुमेह आणि रक्तदाब नाही असे साठीचे जोडपे आपल्यात किती सापडेल?

आता माझे मत, जे काही नातेवाइकांना रुचणार नाही. शेवटचे तोंड पाहायला मिळावे ही ओढ मी समजतो, पण त्यासाठी कर्ज काढावेच लागेल असा दंडक नसावा. जिथे दहनाची सोय आहे तिथे ते करून रक्षा घरी आणणे यात माया कमी पडत नाही. आपल्याच कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 साली ऐन विशीत फ्लॉरेन्समध्ये निवर्तले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्यांचे स्मारक आजही तिथे उभे आहे. रक्षा आणणेही सोपे असते, मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि दूतावासाचे पत्र बरोबर ठेवावे लागते, आणि कलश धातूचा न घेता लाकडी घ्यावा म्हणजे तपासणीच्या यंत्रात अडचण येत नाही. सौदी अरेबियात मात्र हिंदू पद्धतीच्या दहनाची सोय नाही, तेव्हा तिथे काम करणाऱ्याने खर्चाची तरतूद वेगळी काढून ठेवलीच पाहिजे.

माझी मुलगी डब्लिनला असते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी हा विषय काढला तेव्हा ती रागावली, "बाबा, असलं काय बोलायलाय?" थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि तुमचं दोघांचं काय?" मग आम्ही दोन कागद लिहिले. तिच्या कागदावर पासपोर्ट व विम्याचा क्रमांक, कार्यालयाचा पत्ता, तिथल्या एका मैत्रिणीचा फोन आणि खर्चासाठी दोघींच्याही हाती राहील अशा रकमेची नोंद आहे. आमच्या कागदावर मी एवढेच लिहिले की, तिच्यासाठी अंत्यविधी खोळंबून ठेवू नये. तो कागद कपाटात ठेवण्याआधी सौभाग्यवतींनी माझ्या हातून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, "थोडी रक्षा मात्र ती येईपर्यंत राखून ठेवावी."