प्रतिभेला पाच गुण

अभिनंदन! सर्जनशील लेखनाचा तास तुमच्या गळ्यात पडला आहे. बहुधा विभागात दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून. घाबरू नका. हा विषय शिकवायला स्वतःला लिहिता यावं अशी अट नाही, आणि एक पथ्य पाळलंत तर वाचायचीही गरज नाही: विद्यार्थ्याच्या एकाही वाक्याकडे नीट बघायचं नाही. बाकी सगळं आपोआप जमतं.

सुरुवात निकषपत्रिकेपासून करा. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचं कारण होतात, असं जुना संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट सांगून गेला. कशाला किती गुण, हे मात्र सांगायचं राहिलं. ती उणीव तुम्ही भरून काढा. शक्तीला, म्हणजे प्रतिभेला, 5. निपुणतेला 5. अभ्यासाला 10, कारण तो हजेरीपटावर दिसतो. समास, पानांचे क्रमांक आणि वेळेत सादरीकरण यांना मिळून 20. प्रतिभेचे पैकीच्या पैकी कुणालाही देऊ नका, तपासणीत पुरावा मागतील. साडेतीन बरे. साडेतीनात प्रतिभा आहे असंही होतं आणि नाही असंही.

पहिल्या तासाला फळ्यावर लिहा, 'सांगू नका, दाखवा', आणि मग पाऊण तास तेच सांगत राहा. दुसऱ्या तासाला, 'जे ठाऊक आहे तेच लिहा.' अठरा-एकोणीस वर्षांच्या साठ मुलांपैकी चाळीस जण प्रेमभंगावर लिहितील, चाळीसही कथांत पाऊस पडेल, आणि 'तुमच्या पिढीकडे अनुभवच नाही' असं खेदाने म्हणायला तुम्ही मोकळे. अमेरिकन कथाकार हेमिंग्वेचा हिमनगही सांगायला हरकत नाही. हिमनगाचा आठवा हिस्साच पाण्यावर दिसतो, लेखनाचंही तसंच, असं त्याने 1932 साली लिहून ठेवलंय. फक्त जपून सांगा. एका पठ्ठ्याने मला अर्धं पान आणून दिलं आणि उरलेली कथा पाण्याखाली आहे म्हणाला. समासाचे पूर्ण गुण द्यावे लागले.

पण खरी चैन कार्यशाळेत आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तिथून जगभर गेलेल्या पद्धतीतला एक नियम फार सोयीचा आहे: ज्याची कथा, त्याने चर्चेत तोंड उघडायचं नाही. बाकीचे बोलतात. पहिला म्हणतो, 'शेवट आवडला.' दुसरा म्हणतो, 'शेवट बदलायला हवा.' तिसऱ्याने कथा वाचलेलीच नसते, म्हणून तो गंभीर होतो आणि म्हणतो, 'मला यात आणखी खोली हवी होती.' हे वाक्य कवितेला, कादंबरीला आणि भाड्याच्या घरालाही चालतं. तुम्ही फक्त मान डोलवायची आणि अधूनमधून 'इंटरेस्टिंग' म्हणायचं. लेखक बिचारा सगळं वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात अशी कथा आणतो, की कुणाचाच कशाला आक्षेप नसतो. आक्षेप घेण्यासारखं तिच्यात काही उरलेलंच नसतं. शेऱ्यात लिहा, 'लक्षणीय प्रगती.'

एखादा आगाऊ सहकारी इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा दाखला देईल. तिथे 1970 साली हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा कथालेखनाला विद्यार्थी एकच होता, पुढे नामवंत कादंबरीकार झालेला इयन मॅक्युअन. तिथले प्राध्यापक माल्कम ब्रॅडबरी त्याचं लेखन वाचून त्याच्याशी बोलत. ऐकून घ्या आणि विचारा, एका विद्यार्थ्यावर तुकडी टिकते का? तो गप्प बसेल.

एकच धोका उरतो. तास संपल्यावर एखादी मुलगी वही घेऊन टेबलाशी थांबते. "सर, एकच वाक्य विचारायचं होतं. 'आजी गेल्यापासून बाबा दार हळू लावतात.' यातला 'हळू' ठेवू का काढू?"

सावध व्हा! हा प्रश्न खरा आहे. उत्तर द्यायचं तर वाक्य मोठ्याने वाचावं लागेल, एकदा 'हळू'सकट, एकदा त्याच्याविना. आधी बाबा दार आपटायचे का, आता घरात झोपमोड व्हायला कोण उरलंय, हे तिला विचारावं लागेल. आणि मग तुम्हीही अडकाल, कारण उत्तर तुम्हालाही चटकन सुचणार नाही. म्हणून घड्याळाकडे बघा आणि सांगा, "शब्दमर्यादा बघून ठरव."

ती तिथल्या तिथे 'हळू' खोडेल, 'थँक यू सर' म्हणेल आणि दार लावून जाईल.