उडत्या टॅक्सीत बसताना डोक्यावर काय घालायचं? कट्ट्यावर झालेला वाद

विषय निघाला तो बाईकवाल्यामुळे. आमच्या कट्ट्यावर नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही, बाईकवाला, इंजिनियर, ताई, काका, असंच चालतं. तर बाईकवाला हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि म्हणाला, बघा, उद्या शहरात उडत्या टॅक्सी आल्या ना तरी हे काय सुटत नाही, दोन चाकांवर लागतं तर हवेत नको का? इंजिनियर लगेच, अरे बंद केबिन असते ती, विमानात कधी हेल्मेट घालून बसलास का? आणि मग जे पेटलं ते दिवे लागले तरी चालूच होतं. घरी आल्यावरही डोक्यातनं जाईना, आणि माझं यात पक्कं मत आहे, म्हणून सगळं सलग लिहून काढतोय.

आधी बाईकवाल्याची बाजू, कारण ती कच्ची नाहीये. त्याने पार १९०८ पासून सुरुवात केली. १७ सप्टेंबर १९०८, ऑर्व्हिल राइट अमेरिकेत फोर्ट मायरला सैन्याला विमान दाखवत होता, शेजारी प्रवासी म्हणून लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. हवेत प्रोपेलर तुटला, विमान कोसळलं, राइट वाचला आणि सेल्फ्रिज कवटी फुटून गेला. इंजिनाच्या विमानात अपघाताने गेलेला पहिला माणूस तो, आणि डोक्यावर काही नव्हतं. त्यानंतर सैन्याचे पायलट अमेरिकन फुटबॉलवाले घालायचे तसलं जाड हेडगिअर घालायला लागले. मग त्याने दुसरा मुद्दा काढला, अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टर अपघातांवरचा १९९१ चा अभ्यास, ज्यात माणूस वाचू शकला असता अशा अपघातांत हेल्मेट नसणाऱ्यांना डोक्याला जीवघेणा मार बसायचा धोका सहापटीच्या वर निघाला. सहापट! असं म्हणून त्याने हेल्मेटवर थाप मारली.

इंजिनियर म्हणाला, आकडा खरा आहे पण तो सैनिकी हेलिकॉप्टरचा आहे ना. तिथे दार उघडं, आजूबाजूला लोखंडी सामान, अंगावर गिअर. टॅक्सीत तू सीटवर पट्टा बांधून बसणार. हेलिकॉप्टरच्या सीटची टेस्टच अशी असते की पुढच्या दिशेने १८.४ जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १८.४ पट) आणि उभ्या दिशेने ३० जी एवढा झटका देऊन बघतात, आणि डोक्याला इजा किती होईल त्याचा वेगळा आकडा मोजतात, तो १००० च्या वर गेला की सीट नापास. म्हणजे डोकं सांभाळायचं काम सीटचं, पट्ट्याचं आणि समोर काय ठेवलंय त्याचं आहे, ते प्रवाशाच्या गळ्यात कशाला घालायचं?

इथे ताई मध्ये पडली. ताई फिजिओ आहे, दिवसभर मानेचे पेशंट बघते, त्यामुळे तिने सरळ बाईकवाल्याचं हेल्मेट उचललं, तळहातावर तोलून बघितलं आणि विचारलं, हे किती, दीड किलो? डोकं साधारण पाच किलोचं. आता तो म्हणतोय तो १८ जी चा झटका आला तर हे दीड किलो त्या क्षणाला सत्तावीस किलोसारखं मानेला ओढणार, आणि तुझी मान काय लढाऊ विमानाच्या पायलटसारखी कमावलेली नाहीये. शिवाय ह्याचा मागचा फुगवटा बघ. हेडरेस्टला टेकलास की डोकं चार बोटं पुढे ढकललं जातं, म्हणजे मानेला आधार द्यायला जे ठेवलंय तेच निकामी. (हे अंबाड्यालाही आणि मागे लावलेल्या कडक क्लिपलाही लागू आहे असं ती नंतर म्हणाली, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं कारण ह्याचा विचार कुणीच करत नाही.) टॅक्सीवाल्यांनी हेल्मेट द्यायचं म्हटलं तरी कुणाच्या मापाचं? ढिलं हेल्मेट झटक्यात फिरतं आणि डोळ्यांवर येतं. लहान पोराला मोठ्यांचं घालून चालतच नाही.

बाईकवाला म्हणाला मग हलकं घालू, पॅराग्लायडिंगवाले घालतात तसं. हा मुद्दा बरोबर होता, हवेतल्या खेळांच्या हेल्मेटचं वेगळं युरोपियन मानक आहे, ईएन ९६६, आणि ती हेल्मेटं खरंच हलकी असतात. आणि जी उघडी एक सीटवाली यंत्रं आलीयेत, चौकटीत बसायचं आणि आठ पंखे लावून उडायचं, त्यात हेल्मेट हवंच, त्याबद्दल कट्ट्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण अमेरिकेत ही यंत्रं ज्या नियमात बसतात, पार्ट १०३, त्यात दाट वस्तीवरून उडायलाच मनाई आहे. म्हणजे शहराच्या टॅक्सीचा प्रश्न तो नव्हेच. शहराची टॅक्सी म्हणजे बंद काचेची केबिन, अमेरिकेच्या जोबी कंपनीचं यंत्र घ्या, एक पायलट आणि चार प्रवासी, किंवा चीनच्या ईहँगचं दोन सीटचं बिनपायलटवालं, ज्याला तिथल्या विमान खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये टाइप सर्टिफिकेट, म्हणजे यंत्राची रचना उडायला सुरक्षित असल्याचा दाखला, दिलं.

एवढा वेळ काका गप्प होते. काका विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागी, काम करून रिटायर झाले. ते म्हणाले, तुम्ही सगळे आत जाऊन बसलात, आतपर्यंत पोचलात कसे ते कुणी सांगेल का? पॅडच्या, म्हणजे टॅक्सी उतरते त्या जागेच्या, दारापासून सीटपर्यंत जी वीस-पंचवीस पावलं आहेत ना, डोक्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

आणि मला हेच म्हणायचं होतं, मी कधीपासून तोंड उघडायला बघत होतो.

कारण माझ्या बाबतीत घडलंय. मागे एकदा मोकळ्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरताना बघायला गेलो होतो, दोरीच्या मागे, चांगला लांब उभा होतो असं मला वाटत होतं. डोक्यावर साधी कॅप, पुढे झडप असलेली. मला वाटलेलं वारा वरून येईल, तर तो आला खालून. आधी पायाशी गवत झोपलं, मग पँट नडग्यांना चिकटली, दातांत माती आली आणि झडपेच्या खाली हात घालून उचलावी तशी कॅप उचलली गेली. ती गेली यंत्राच्या बाजूला आणि मी तिच्यामागे. विचार केलाच नाही, पाय आपोआप निघाले. दोन पावलं गेलो असेन आणि मागून कुणीतरी शर्टाची कॉलर धरून असा खेचला की वरचं बटण तुटलं. ते बटण अजून जपून ठेवलंय. त्या माणसाचा चेहराही धुळीत नीट दिसला नाही.

नंतर वाचलं तर अमेरिकेच्या विमान खात्याच्या हेलिकॉप्टरच्या पुस्तकात हे लिहिलेलंच आहे, टोपी आणि सुट्या वस्तू नीट धरा किंवा बांधा, आणि उडालेली टोपी पकडायला हात वर करू नका, तिच्यामागे धावू नका. म्हणजे माझ्याआधी कितीतरी जण असेच धावले असणार, त्याशिवाय कोण हे पुस्तकात लिहील?

काका म्हणाले, लष्कराच्या विमानांच्या पट्ट्यावर तर सरळ नियम असतो, टोपी घालायचीच नाही, आणि टोपी नाही म्हणून सॅल्यूटही नाही. डोक्यावरनं उडालेली टोपी इंजिनात गेली तर टोपीचं जाऊ दे, इंजिन गेलं.

इंजिनियरने वाऱ्याचा हिशोब मांडला आणि हे मला मनापासून आवडलं, कारण वाद नुसता आवाजाने चालला होता तो इथे जरा जमिनीवर आला. यंत्राला हवेत ठेवायचं तर त्याच्या वजनाएवढ्या जोराने हवा खाली ढकलावी लागते. हेलिकॉप्टरचं पातं मोठं, ते भरपूर हवा जरा हळू ढकलतं. ह्या नव्या यंत्रांचे पंखे छोटे, वजन मात्र फार कमी नाही, म्हणून हवा जास्त वेगाने खाली येते, जमिनीवर आपटते आणि जमिनीलगत चारी बाजूंना पसरते. म्हणून वारा खालून आला असं मला वाटलं होतं. अमेरिकेच्या पॅडच्या सूचनांमध्ये ताशी साडेपंचावन्न किलोमीटरच्या वरचा वारा जिथपर्यंत जाऊ शकतो तिथपर्यंत सावधानीचा पट्टा धरतात. आता चाळीस सेंटिमीटर रुंदीची मोठी हॅट घे, ती वाऱ्यात उभी झाली तर त्या वेगाला तिच्यावर दोन किलोच्या आसपास ओढा येतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट, म्हणजे आठ किलो. हाताने धरून ठेवता येईल? एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोरगं असताना?

बाईकवाला म्हणाला, दोरी बांधा हनुवटीखाली. ताईने लगेच स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. सुटी दोरी हनुवटीखाली राहत नाही, हॅट मागे गेली की ती सरकून इथे येते, कंठावर, आणि मग ते आठ किलो कुठे ओढणार? तिने इझाडोरा डंकनचं उदाहरण दिलं, नर्तिका, १९२७ साली नीसमध्ये उघड्या गाडीत बसली होती, गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला आणि त्यातच गेली. स्कार्फ वाईट नाही, लोंबणारं टोक वाईट. डोक्याला घट्ट गुंडाळून टोकं आत खोचली तर स्कार्फसारखी चांगली गोष्ट नाही.

ह्या हनुवटीखालच्या पट्ट्याच्या प्रश्नावर जगात आधीच विचार झालाय आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. कामगारांच्या हेल्मेटचं जुनं युरोपियन मानक, ईएन ३९७, त्यात हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटनच्या ओढ्याला सुटलाच पाहिजे, म्हणजे पंधरा ते पंचवीस किलो, कारण हेल्मेट कुठे अडकलं तर माणूस लटकायला नको. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं बरोब्बर उलटं, ईएन १२४९२, तिथे पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, कारण पडताना हेल्मेट निघून गेलं तर संपलंच. म्हणजे पट्टा मजबूत की कमजोर हा प्रश्नच नाही, नेमकं कशाला भ्यायचं ते आधी ठरवायला लागतं. पॅडवर प्रवाशाला भीती अडकण्याची आणि ओढलं जाण्याची आहे. पॅडवर काम करणाऱ्याचं वेगळं, तो दिवसभर तिथे राबणार, त्याला पट्टा बांधलेलं हेल्मेट, कानाला मफ आणि डोळ्यांना गॉगल हवाच. नुसती बंप कॅप त्याला देऊन चालणार नाही, ती ईएन ८१२ ची असते आणि आपण स्वतः कशाला धडकलो तरच कामाची, वरून काही पडलं तर नाही.

मग मी विचारलं, प्रवाशाने घालायचं काय, सांगा एकदाचं. ह्यावर बरीच ओढाताण झाली पण माझं मत पक्कं झालंय. डोक्याला चिकटून बसणारं, मऊ, कड नसलेलं काहीतरी. कानटोपी, नाहीतर सायकलवाले हेल्मेटखाली घालतात तसली पातळ कॅप, नाहीतर घट्ट गुंडाळलेला स्कार्फ. केस आत. झडपवाली कॅप असली तर ती दाराच्या आधीच बॅगेत, आणि बॅगेची चेन बंद. हुडी घालून हुड वर केला तर चालेल का असं इंजिनियरने विचारलं, तर काका म्हणाले दोन्ही बाजूंचं दिसत नाही त्यात, पॅडवर बाजूचं दिसलंच पाहिजे. आणि डोक्यापेक्षा डोळ्यांची जास्त काळजी घ्या, असं काकांनी तीनदा सांगितलं, धुळीने डोळे मिटले की माणूस कुठे चाललाय ते त्यालाच कळत नाही, बाजूने बंद असलेला चष्मा हवा.

काकांनी अजून एक सांगितलं ज्याने माझ्या अंगावर काटा आला. हेलिकॉप्टरला जाताना वाकून जा म्हणतात कारण पातं वर असतं. ईहँगच्या त्या यंत्राचे सोळा पंखे केबिनच्या खाली, पायांच्या बाजूला पसरलेल्या आठ दांड्यांवर आहेत. तिथे टोपी पडली आणि तू वाकलास, तर कुठे वाकलास?

इंजिनियर म्हणाला, अहो काका, पण वीजेची मोटर झटकन थांबते, टर्बाइनसारखी मिनिटं घेत नाही, त्यामुळे पंखे थांबल्याशिवाय दारच उघडायचं नाही असा नियम करता येतो. काका म्हणाले, करा की, मला आनंदच आहे. पण घाई काय करते ते मला विचार. १६ मे १९७७, न्यूयॉर्कला पॅन अ‍ॅम बिल्डिंगच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उभं, पातं फिरतंय, प्रवासी चढतायत आणि चाकाचा पाय मोडून ते आडवं झालं. गच्चीवर चार जण गेले आणि पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून पाचवी बाई गेली, जिचा ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

ह्यावर सगळेच जरा गप्प झाले. मग ताईने ब्रिटनचं सांगितलं, प्लिमथचं डेरिफर्ड हॉस्पिटल, मार्च २०२२, कोस्टगार्डचं मोठं हेलिकॉप्टर हॉस्पिटलच्या पॅडवर उतरत होतं आणि शेजारच्या कार पार्कमधून चाललेली ८७ वर्षांची बाई त्या वाऱ्याने खाली पडली, डोक्याला मार लागला आणि त्यात गेली. ती प्रवासी नव्हती, हेलिकॉप्टर बघायलाही आली नव्हती. तिने डोक्यावर काय घालायला हवं होतं, सांग ना, असं ताईने बाईकवाल्याला विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

बाईकवाल्याला उत्तर सुचलं नाही, आणि कुणालाच सुचलं नसतं. पॅड कुठे बांधायचं, वारा कुठपर्यंत जातो, तिथून लोकांची वाट काढायची की नाही, हे ठरवणाऱ्यांनी ते नीट ठरवलं तरच माझ्या कानटोपीला काही अर्थ आहे. नाहीतर उद्या पॅडच्या दारावर पाटी लावतील, हेल्मेट घालणे प्रवाशाची जबाबदारी, आणि सगळं प्रवाशाच्या डोक्यावर ढकलून मोकळे होतील. ह्याला माझा आत्तापासूनच विरोध आहे.

निघताना बाईकवाला म्हणाला, ते सगळं मान्य, पण माझं हेल्मेट मी घेऊन जाणारच, उतरल्यावर पुढे बाईक आहे. काकांनी त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं, काच खाली केली, पट्टा बंद करून बक्कल दोनदा ओढून बघितलं, आत हातमोजे ठेवलेले दिसले ते काढून त्याच्या खिशात कोंबले आणि मग हेल्मेट परत दिलं. म्हणाले, असं, आणि बॅगेत. हातात लटकवून नाही.