खुलासा: हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना म्हणजे स्टीअरिंगवर बोलायची सूट नव्हे

नागपुरातल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कायद्यात बंदी फक्त मोबाइलला आहे, हॅम परवानाधारकाने गाडी चालवताना वॉकीटॉकीवर बोललं तर चालान होत नाही.’ हे चूक आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ पाहा. २०१९च्या दुरुस्तीत तिथे ‘हातात धरायची संपर्क साधनं’ असे शब्द आले. मोबाइलचं वेगळं नाव नाही. हातातला हॅण्डसेट त्यात सरळ बसतो. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. हॅमचा परवाना दूरसंचार विभाग देतो, तो रेडिओ लहरी वापरण्यापुरता. वाहतुकीच्या नियमातून सुटका तो देत नाही.

अमेरिकेतल्या काही राज्यांत हॅमना अशी सवलत आहे. मेसेजचं मूळ बहुधा तिथलंच.

डॅशबोर्डला बसवलेल्या सेटचं काय? सेट हातात नसला तरी त्याचा माइक हातातच येतो. वर्धा रोडच्या गर्दीत एका हाताने गाडी हाकत त्यावर वाद घालण्यापेक्षा बाजूला थांबून बोला ना भाऊ!